कुंडीतील रबराचे झाड

वड, पिंपळ आणि उंबर हे वृक्ष महाराष्ट्रात कोणाला परके नाहीत. वडाच्या पारावर गावाच्या गप्पा रंगतात. पिंपळाचे पान वहीत ठेवून त्याची जाळी होण्याची वाट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. आणि उंबराखाली पडलेल्या फळांचा सडा चुकवीत कोण चालले नाही? या तिघांचाच एक भाऊबंद मात्र पार सोडून थेट माणसाच्या दिवाणखान्यात येऊन बसला आहे. बँकेच्या दाराशी, दवाखान्यातील बाकांच्या शेजारी, शहरातील सदनिकेच्या खिडकीपाशी तो उभा असतो. वीतभर लांबीची जाड, तुकतुकीत, काळपट हिरवी पाने आणि शेंड्याशी भाल्याच्या टोकासारखा तांबडा कोंब, एवढ्या खुणांवरून तो सहज ओळखता येतो. लोक त्याला रबराचे झाड म्हणतात. वनस्पतिशास्त्रातील त्याचे नाव फायकस इलॅस्टिका.

तो वडापिंपळांचा भाऊबंद कसा, याची खात्री तुम्ही स्वतःच करून घेऊ शकता. त्याचे एखादे पान खुडले की देठातून पांढरा चीक झरतो. वडाचे पान खुडले तरी हेच दिसते. शेंड्याचा तांबडा कोंब निरखून पाहिला, तर ते केवळ एक आवरण आहे असे आढळते. त्याच्या पोटात पुढचे पान गुंडाळी करून बसलेले असते. पान उलगडू लागले की आवरण सुकून गळून पडते आणि त्या जागी फांदीभोवती बांगडीसारखी एक रेघ मागे राहते. या आवरणाला उपपर्ण म्हणतात. वडाच्या आणि पिंपळाच्या कोवळ्या फांदीवरही अशाच रेघा सापडतात.

परंतु खरे नवल याहून निराळे आहे. आपल्या मूळ अरण्यात हा वृक्ष तीस ते चाळीस मीटर उंच वाढतो, म्हणजे दहा-बारा मजली इमारतीची बरोबरी करतो. असा वृक्ष घमेलेभर मातीत, छपराखाली, वर्षानुवर्षे जगतो तरी कसा? आंब्याचे किंवा सागाचे रोप असे घरात आणून ठेवले, तर ते फार दिवस तग धरणार नाही. हे कोडे उलगडायचे असेल, तर या झाडाचे बालपण कोठे आणि कसे जाते हे आधी पाहिले पाहिजे. कारण त्याची निगा राखण्याचे बहुतेक सारे नियम त्या बालपणातच दडलेले आहेत.

हिमालयाच्या पूर्व पायथ्यापासून आसाम, मेघालय, म्यानमार आणि पुढे मलाया, सुमात्रा, जावापर्यंतचा उष्ण व पावसाळी प्रदेश हे त्याचे माहेर. मेघालयातील मौसिनराम या गावी वर्षाला सरासरी ११,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. पुण्यात तो सुमारे ७०० मिलिमीटर पडतो, यावरून तेथील पावसाची कल्पना येईल. अशा अरण्यात एखादे पाखरू या झाडाची बारीक फळे खाते आणि दुसऱ्या एखाद्या वृक्षावर जाऊन बसते. त्याच्या विष्ठेतून बी त्या वृक्षाच्या बेचक्यात पडते आणि तेथेच रुजते. जमिनीपासून कितीतरी उंचावर, परक्याच्या खांद्यावर, त्याचे जीवन सुरू होते. तेथे माती म्हणजे बेचक्यात साठलेला मूठभर पालापाचोळा आणि शेवाळ. भोवताली दाट पानांची सावली. पाऊस कितीही पडो, पाणी तेथे थांबत नाही. ते क्षणात निथळून जाते आणि उघडीप पडली की मुळांपाशी कोरडे होते. रोपाची पारंबी लोंबत लोंबत जमिनीला पोहोचेपर्यंत अशी कित्येक वर्षे जातात. ती एकदा जमिनीत शिरली, की मग त्याच्या वाढीला सीमा उरत नाही.

थोडी माती, उसनी सावली आणि निथळून जाणारे पाणी! कुंडीतील झाडाला याहून वेगळे काय मिळते? घरातील रबराचे झाड आपल्याला मोठे वाटते, पण ते अजून आपल्या बालपणातच थांबलेले असते. त्याची पारंबी अद्याप जमिनीला लागलेली नाही, एवढेच.

ती जमिनीला लागल्यावर काय होते, हे पाहायचे असेल तर मेघालयात जावे. तेथील डोंगरउतारांवर राहणारे खासी आणि जैंतिया लोक या झाडाच्या पारंब्यांपासून जिवंत पूल तयार करतात. पावसाळ्यात तेथील ओढे इतके फुगतात, की साधा लाकडी पूल लवकर कुजतो किंवा वाहून जातो. म्हणून ओढ्याच्या काठी असलेल्या झाडाच्या कोवळ्या पारंब्या पोफळीच्या पोकळ केलेल्या खोडांतून किंवा बांबूच्या आधाराने पलीकडच्या काठापर्यंत नेतात. तेथे त्या मातीत शिरतात, जाड होतात, एकमेकींत गुंततात. माणसांचे ओझे पेलण्याइतका पूल तयार व्हायला पंधरा-वीस वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. पुढे मात्र तो जुना होत जाईल तसा अधिक बळकट होतो, कारण त्याची मुळे वाढतच असतात. काही पूल तीस मीटरहून लांब आहेत. चेरापुंजीजवळील नोंग्रियाट गावी तर एकावर एक असे दोन मजले असलेला पूल आहे. २०२२ साली या पुलांची नोंद युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाली. जो आजोबा पारंबीला वळण लावतो, त्याला त्या पुलावरून धावता येईलच असे नाही. त्याची नातवंडे धावतात.

या वृक्षाची शास्त्रज्ञांशी गाठ पडली ती एका मधाच्या टोपलीमुळे. १८१० साली कलकत्त्याजवळच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांच्याकडे सिल्हेटहून एका गृहस्थांनी मध पाठविला. मध आला होता वेताच्या विणलेल्या टोपलीतून, आणि तरी एक थेंबही गळला नव्हता. टोपलीला आतून कसला तरी चिकट थर दिलेला होता. रॉक्सबर्ग यांना मधापेक्षा त्या थराचेच कुतूहल अधिक वाटले. चौकशी केली तेव्हा कळले, की सिल्हेटच्या उत्तरेकडील डोंगरांत एक मोठा वृक्ष आहे आणि हा त्याचा वाळलेला चीक. ताणला की लांबणारा आणि सोडला की पूर्ववत होणारा तो चीक पाहून त्यांनी झाडाच्या नावात ‘इलॅस्टिका’, म्हणजे ताणले जाणारे, हा शब्द घातला. डोंगरातील लोकांना ही विद्या अर्थातच कितीतरी आधीपासून अवगत होती.

पुढे या चिकाचा व्यापार सुरू झाला. १८७३ मध्ये आसामात चारदुआर येथे या झाडाची सरकारी लागवडही करण्यात आली. परंतु १८७६ साली हेन्री विकहॅम या इंग्रज गृहस्थाने ब्राझीलमधून दुसऱ्याच एका रबरवृक्षाचे सुमारे ७०,००० बी लंडनला नेले, आणि त्यांतून उगवलेली रोपे सिलोन व मलायात पोहोचली. त्या वृक्षाचा चीक अधिक चांगला आणि अधिक विपुल ठरला. आज सायकलची धाव, मोटारीचे टायर हे ज्या नैसर्गिक रबरापासून बनतात, ते त्या ब्राझिली वृक्षाचे असते. केरळातील रबराचे मळेही त्याचेच. तेव्हा नावावरून फसू नये. आपल्या कुंडीतील झाडापासून कोणी आता रबर काढीत नाही. त्याच्या चिकाची किंमत गेली, पण पानांचे देखणेपण राहिले, आणि त्या देखणेपणाच्या बळावर ते जगभर घरोघरी पोहोचले. जर्मनीत त्याला ‘गुम्मीबाउम’ म्हणतात, आणि बाहेर बर्फ पडत असताना तेथील कित्येक घरांत हे खासी डोंगरातील झाड खिडकीशी उभे असते.

आता त्याची निगा कशी राखावी ते पाहू.

घरातील रबराची झाडे मरतात ती बहुधा तहानेने नव्हे, तर अतिपाण्याने. घरातील प्रत्येक माणूस येता-जाता मायेने तांब्याभर पाणी ओततो आणि महिन्या-दोन महिन्यांत झाड मान टाकते. मुळांना पाण्याइतकीच हवेची गरज असते. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात व त्यांत हवा खेळत असते. पाणी सतत भरलेले राहिले की ती हवा निघून जाते, मुळे गुदमरतात आणि कुजतात. कुजलेले मूळ पाणी शोषू शकत नाही. म्हणून चिखलात उभे असलेले झाडही तहानलेल्या झाडासारखेच मलूल दिसते. ते पाहून घरचे लोक आणखी पाणी घालतात! म्हणून वार ठरवून पाणी घालण्यापेक्षा बोटाचे पहिले पेर मातीत खुपसून पाहावे. ओल लागली तर थांबावे. कोरडे लागले तर कुंडीच्या बुडातून पाणी निथळेपर्यंत भरपूर घालावे, आणि ताटलीत साचलेले पाणी टाकून द्यावे. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी लागेल, तर थंडीत दहा दिवसांनीही पुरेल. खात्री बोटानेच करावी. एकामागून एक खालची पाने पिवळी पडून गळू लागली, तर बहुतेक वेळा पाणी जास्त झाले असे समजावे. पानांच्या कडा करपून कुरकुरीत झाल्या तर ते कमी पडले असेल. अगदी खालचे एखादे जुने पान वर्षाकाठी गळले, तर त्याची काळजी करू नये. त्याचे वय झालेले असते.

यासाठी कुंडीला बुडाशी छिद्र हवेच. त्यावर खापराचा एक बाकदार तुकडा ठेवावा, म्हणजे माती वाहून जात नाही. पोयट्याची माती, चांगले कुजलेले शेणखत आणि जाड वाळू यांचे मिश्रण या झाडाला मानवते. कुंडीच्या तळाशी विटांच्या तुकड्यांचा जाड थर देण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. पण त्याने पाणी अधिक निचरते असे नाही. पाणी त्या थराच्या वरच्या मातीत अडून राहते आणि मुळांची जागा मात्र तेवढी कमी होते.

पाण्याच्या खालोखाल प्रश्न उजेडाचा. येथे आपले डोळे आपल्याला फसवितात. उजेड मोजण्याचे माप लक्स हे आहे. भर दुपारी मोकळ्या मैदानात सुमारे १,००,००० लक्स उजेड असतो. खिडकीलगत, ऊन प्रत्यक्ष पडत नसेल तर, तो एक-दोन हजारांवर येतो आणि खोलीच्या आतल्या कोपऱ्यात शंभर-दोनशेही राहत नाही. आपल्या डोळ्यांतील बाहुली अंधारात मोठी होते, म्हणून तो कोपरा आपल्याला उजळ भासतो. पानाला अशी सोय नाही. पान उजेडावरच अन्न तयार करते. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेले झाड ताबडतोब मरत नाही, ते साठविलेल्या अन्नावर काही महिने काढते. मग दोन पानांमधील अंतर वाढते, नवी पाने लहान येतात आणि खोड वाकून खिडकीकडे मान वळवू लागते. पूर्वेच्या खिडकीलगतची जागा सर्वांत उत्तम. तेथे सकाळचे कोवळे ऊन मिळते व दुपारची झळ लागत नाही. आठवड्या-पंधरा दिवसांनी कुंडी थोडी फिरवावी, म्हणजे झाड सरळ राहते. मात्र सावलीत वाढलेले झाड एकदम अंगणातील उन्हात नेऊन ठेवू नये. सावलीत तयार झालेले पान प्रखर उन्हात भाजते आणि त्यावर तपकिरी डाग पडतात. ऊन दाखवायचेच असेल तर रोज थोडे थोडे वाढवीत न्यावे.

अरण्यात पानावरील धूळ पाऊस धुऊन टाकतो. पानाचे टोक निमुळते असते ते याचसाठी उपयोगी पडते. त्यावरून पाणी झटकन ओघळून जाते. घरात पाऊस पडत नाही, तेव्हा ते काम आपल्याला करावे लागते. पान खालून तळहातावर घ्यावे आणि ओल्या मऊ फडक्याने हलकेच पुसावे. धुळीचा थर म्हणजे पानाने पांघरलेली सावलीच होय. काही जण पाने चमकावीत म्हणून त्यांना खोबरेल चोळतात. एक-दोन दिवस ती चमकतात खरी. पण तेलावर धूळ अधिकच बसते, आणि पानाच्या खालच्या बाजूस श्वासोच्छ्वासाची जी सूक्ष्म रंध्रे असतात त्यांना तेल लागले तर ती बुजतात. पाने पुसताना खालची बाजू पाहण्याची सवय ठेवावी. पांढऱ्या कापसासारखा पुंजका दिसला, तर तो पिठ्या ढेकूण समजावा. तपकिरी खवले चिकटलेले दिसले, तर ती खवले कीड. दोन्ही पानांतील रस शोषतात. लवकर ध्यानात आले, तर साबणाच्या पाण्यात बुडविलेल्या फडक्याने पुसून त्यांचा बंदोबस्त करता येतो.

महाराष्ट्रातील हवा या झाडाला एकंदरीत मानवते. कोकणातील दमट हवेत तर कुंडीतल्या झाडालाही कधी कधी तांबूस पारंब्या फुटतात. विदर्भातील वैशाखात मात्र झाड उष्ण वाऱ्याच्या झोतातून बाजूला घ्यावे. वातानुकूलित खोलीतही थंड हवेचा झोत थेट पानांवर येऊ देऊ नये. दहा अंश सेल्सियसच्या खाली पारा उतरला, की हे उष्ण प्रदेशातील झाड कष्टी होते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत त्याची वाढ जोमाने होते. खत द्यायचे ते तेव्हा, आणि तेही पातळ करून.

घरात असे एखादे झाड ठेवले की हवा शुद्ध होते, असे पुष्कळदा सांगितले जाते. १९८९ साली अमेरिकेतील नासा या संस्थेने झाडे लहान बंद पेट्यांत ठेवून प्रयोग केले होते, त्यांवरून ही समजूत पसरली. परंतु घर म्हणजे बंद पेटी नव्हे. त्यात हवा सतत येत-जात असते. २०१९ साली अशा प्रयोगांची आकडेमोड पुन्हा तपासण्यात आली तेव्हा दिसून आले, की घरातील हवेची नेहमीची ये-जा जेवढे काम करते, तेवढे करायला दर चौरस मीटर जागेत निदान दहा झाडे लागतील. मग माणसांनी कोठे बसावे? हवेसाठी खिडकी उघडावी, आणि झाड आवडते म्हणून लावावे.

या झाडाला घरात फळ येत नाही. ‘उंबराचे फूल’ असे आपण क्वचित भेटणाऱ्या माणसाला म्हणतो. उंबराची फुले फळासारख्या दिसणाऱ्या गोल पिशवीच्या आत लपलेली असतात, म्हणून ती दिसत नाहीत. रबराच्या झाडाचेही तसेच आहे. त्या फुलांपर्यंत पराग नेण्याचे काम एक चिमुकला कीटक करतो, आणि या कुळात बहुधा प्रत्येक जातीच्या झाडाचा कीटक वेगळा असतो. तो कीटक दिवाणखान्यात कोठून येणार? त्यामुळे बी मिळत नाही. घरोघरची रोपे प्रयोगशाळेतील ऊतिसंवर्धनाने किंवा कलमे करूनच तयार होतात.

कलम करण्याची वेळ झाड स्वतःच आणते. दर दोन-तीन वर्षांनी कुंडी थोडी मोठी करीत गेले, की एक दिवस शेंडा छताला टेकतो. असे झाड उचलून इमारतीच्या भिंतीलगत लावण्याचा मोह कित्येकांना होतो. तो टाळावा. ज्या मुळांनी ओढ्यांवर पूल उभारले, ती पायाच्या आणि गटाराच्या फटी शोधून काढतात. मोकळे माळरान किंवा विस्तीर्ण बाग असेल तर गोष्ट वेगळी. एरवी शेंडा उतरविणे आणि त्यापासून नवे रोप करणे हेच बरे. यासाठी माळी गुटी कलम बांधतात.

पावसाळ्याच्या आरंभी, शेंड्यापासून हातभर खाली, खोडाची साल बोटभर रुंदीच्या कड्याइतकी काढून टाकतात. धारदार चाकूचे हे काम मोठ्या माणसाच्या हातूनच व्हावे. त्या वेळी जो चीक वाहतो, तो कातडीला खाज आणतो आणि डोळ्यांना अपाय करतो. म्हणून तो पुसून हात स्वच्छ धुवावेत, आणि मांजर-कुत्र्यालाही तो चाटू देऊ नये. मग त्या उघड्या जागेभोवती ओले करून पिळलेले शेवाळ मुठीएवढे बांधतात, त्यावर प्लास्टिकचा कागद गुंडाळतात आणि दोन्ही टोके सुतळीने आवळतात. यातील युक्ती अशी, की मुळांकडून येणारे पाणी आतल्या लाकडातून वर चढते, तेव्हा शेंडा सुकत नाही. परंतु पानांत तयार झालेले अन्न सालीतून खाली उतरते, आणि साल तुटल्यामुळे ते तेथेच अडते. अन्न आहे, ओल आहे, अंधार आहे; त्या जागी मुळे फुटतात. महिन्या-दीड महिन्याने प्लास्टिकमधून पांढरी मुळे दिसू लागली, की त्यांच्या खाली खोड कापून शेंडा नव्या कुंडीत लावावा व काही दिवस सावलीत ठेवावा.

खाली राहिलेले बोडके खोड टाकून देऊ नये. शेंडा असेपर्यंत त्याने बाजूच्या डोळ्यांना फुटू दिलेले नसते. तो गेला की कापलेल्या जागेखालचे एक-दोन डोळे जागे होतात, आणि थोड्या आठवड्यांत तेथे तांबड्या आवरणाची नवी टोके दिसू लागतात.